प्रयोगवहीतले मन

मानसशास्त्राची प्रयोगवही हा काही समीक्षेचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. दिवाळी अंकात कवितासंग्रहांची, कादंबऱ्यांची, फार तर एखाद्या आत्मचरित्राची चिकित्सा व्हावी, बी.ए.च्या विद्यार्थ्याने गुणांसाठी खरडलेल्या वहीला तेथे जागा कोठली? पण या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी ‘प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण’ असा एक मथळा असतो. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला तो. प्रयोग चालू असताना आपल्या मनात काय काय आले ते त्याने तेथे स्वतःच्या शब्दांत सांगावे, अशी अपेक्षा असते. पदवीच्या तीन वर्षांत विद्यार्थ्याला ‘तुझ्या मनात काय चालले आहे’ असे विचारणारी ही एवढीच जागा. ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला परकी कशी मानावी? कथाकार आणि कवी याहून वेगळे काय करतात?

वर्धा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे मराठी शिकविले. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, चार टेबले आणि एक काचेचे कपाट. कपाटात आरसा बसविलेली एक लाकडी फळी, खिडकीतून एकेक शब्द दाखविणारे फिरते पिंप, ठोकळे, रंगीत पत्ते आणि एक स्टॉपवॉच. मी ‘संज्ञाप्रवाह’ शिकवीत असताना पलीकडून कधी कधी हसण्याचा आवाज येई. विल्यम जेम्सने १८९० साली आपल्या ग्रंथात मनाला प्रवाहाची उपमा दिली, तीच पुढे कादंबरीकारांनी उचलली आणि मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’पर्यंत येऊन पोचली. हे माझ्या वर्गात सांगितले जाई. भिंतीपलीकडच्या वर्गात जेम्सचे नाव एका टीपेपुरते येई. मराठी टीकेने मानसशास्त्राकडून उसने पुष्कळ घेतले. डॉ. के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्शा’त मॅक्डूगलच्या सहजप्रवृत्तींशी रसांचा मेळ घालून पाहिला; फ्रॉइडचे नाव घेतल्यावाचून तर एके काळी कादंबरीचे परीक्षण पुरे होत नसे. उलट दिशेने मात्र काहीच गेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका परिचित प्राध्यापकांच्या घरी जुन्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा रद्दीत निघाला होता. त्यांच्याकडून तो मागून आणला आणि चारपाच दुपारी वाचून काढला. वह्या चाळीसच्या आसपास असतील. नावे फाडलेली होती हे बरेच झाले. सगळ्यांची मांडणी एकच: उद्देश, प्रस्तावना, साहित्य, प्रयुक्तास सूचना, कार्यपद्धती, निष्पत्ती, अंतर्निरीक्षण, निष्कर्ष. अक्षर कोठे गोलाई असलेले, कोठे लहान मुलाचे असावे तसे. आणि अंतर्निरीक्षण? ते चाळीसही वह्यांत एकच. ‘प्रयोग करताना मला आनंद वाटला. सुरुवातीला थोडे अवघड गेले. नंतर सरावाने सोपे झाले.’ आरशात पाहून चांदणी गिरवायची असो, निरर्थक शब्द पाठ करायचे असोत, दिवा लागताच कळ दाबायची असो, आनंद वाटला, अवघड गेले, सोपे झाले. ज्या प्रयोगात सरावाचा प्रश्नच येत नाही तेथेही सरावाने सोपे झाले. कीर्तनकाराच्या पूर्वरंगाप्रमाणे हे तीन चरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दिसतात. कोणी पहिल्यांदा लिहिले असतील कोण जाणे.

एका वहीत मात्र हे चरण नव्हते. निदान पहिल्यांदा नव्हते. आरशाचा प्रयोग होता. यात हात आणि कागद प्रत्यक्ष दिसू नयेत म्हणून आडोसा असतो, आरशातच पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची असते. खाली अंतर्निरीक्षणात मुलीने लिहिले होते: ‘हात माहाच, पण तो माहं आयकेच ना. जिकडे जावाचं तिकडे न जाता उलटाच जाये. मले हासू बी आलं अन् लाजबी वाटली, का कोणी पायते का.’ यावर लाल शाईने तिरपी रेघ होती, समासात ‘प्रमाण भाषेत लिहा’ असा शेरा होता, आणि त्याखाली त्याच मुलीच्या अक्षरात, जरा लहान आकारात, लिहिलेले होते: प्रयोग करताना मला आनंद वाटला.

शेरा मारणाऱ्यावर रागावणे सोपे आहे. पण तासिका तत्त्वावर शिकविणारा शिक्षक, एका आठवड्यात साठ वह्या, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला सगळे एकसारखे दिसले पाहिजे ही धास्ती. त्याच्या जागी मी असतो तर लाल शाई माझ्याही हातात आली असती. मराठीच्या शिक्षकाने तर या बाबतीत फार बोलू नये. प्रश्न भाषेच्या शुद्धतेपुरताही नाही. त्या रेघेखाली काय गेले ते पाहिले पाहिजे. ‘उलटाच जाये’ हा त्या प्रयोगाचा सगळा सिद्धान्तच आहे: डोळा आणि हात यांची वर्षानुवर्षांची सवय आरसा मोडून टाकतो आणि जुनी सवय नव्या शिकण्याच्या आड येते. ‘हात माहाच, पण माहं आयकेच ना’ या वाक्यात तर त्याहून खोल काही आहे. आपल्या शरीरावरची आपली मालकी किती सवयीची असते, ती मोडली की हात क्षणभर परका वाटतो, हे तिला विसाव्या वर्षी एका लाकडी फळीपुढे बसून उमगले. आणि ‘कोणी पायते का’? दुसऱ्यांच्या सान्निध्यात माणूस वेगळे वागतो, या विषयावर ट्रिप्लेटने १८९८ साली सायकलस्वारांची आणि मुलांची निरीक्षणे मांडली. सामाजिक मानसशास्त्राच्या प्रारंभीच्या प्रयोगांत त्याचे नाव घेतात. तिने ते एका ओळीत, त्याचे नाव न ऐकता, स्वतःवरच टिपले होते.

खरी गंमत पुढेच आहे. वुंटने १८७९ साली लाइप्झिगला प्रयोगशाळा काढली तेव्हा अंतर्निरीक्षण हेच या शास्त्राचे मुख्य हत्यार होते, आणि ते चालविण्यासाठी माणसे मुद्दाम तयार केली जात. १९१३ साली वॉटसनने हे हत्यार फेकून द्या असे बजावले. मनात काय चालते ते राहू द्या, वागणे मोजा. त्या भांडणाचे दोन्ही पक्ष विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण ज्या मथळ्यावरून ते भांडण झाले तो मथळा आपल्याच वहीत पान उलटल्यावर आहे हे त्याला कोणी सांगत नाही. एका युगाची जिवंत पद्धत दुसऱ्या युगाच्या वहीत दगड होऊन बसली आहे, आणि त्या दगडाला रोज तीन वाक्यांचा नैवेद्य चढतो.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. पदवीच्या मराठी पाठ्यपुस्तकांकडे मी एक दीर्घ कथा म्हणून पाहतो, आणि मग पहिला प्रश्न मनात येतो तो पात्रांचा. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, टेनेरिफ बेटावरचा कोलरचा सुलतान नावाचा चिंपांझी, वॉटसनने १९२० साली पांढऱ्या उंदराला भिववायला शिकविलेले बाळ अल्बर्ट, १८४८ साली डोक्यातून लोखंडी पहार आरपार जाऊनही जगलेला फिनिअस गेज. ही पात्रे ठसठशीत आहेत, विद्यार्थी ती जन्मभर विसरत नाही. पण हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन रात्रभर उभा असलेला माणूस, आर्वीची एखादी सून, पुलगावच्या शाळेतला मुलगा यांच्यापैकी कोणी या कथेत येत नाही. प्रयोगांतली माणसे बहुतेक पाश्चात्त्य देशांतलीच असतात आणि त्यावरून सगळ्या मनुष्यजातीविषयी विधाने केली जातात, हा आक्षेप हेन्रिक, हाइन आणि नॉरेन्झायान यांनी २०१० साली घेतला तेव्हा तो जगभर गाजला. आपल्याकडे तो आधीच सुचायला हवा होता. आपण तर त्या कथेबाहेरचेच वाचक.

तरीही माझा मुख्य आक्षेप परकी पात्रे असण्याला नाही. शास्त्र परके असले म्हणून खोटे होत नाही. आक्षेप असा की, मूळ ग्रंथकाराने जी शंका काढली होती ती पाठ्यपुस्तक गाळून टाकते, आणि उरलेले उत्तर विद्यार्थ्याच्या हातात ठेवते. एकच उदाहरण घेतो, पण ते आमच्या जिल्ह्याच्या मातीतले आहे म्हणून थोडे विस्ताराने.

मास्लोची गरजांची उतरंड मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक नाही असे होत नाही. खाली भूक-तहान, तिच्यावर सुरक्षितता, मग प्रेम, प्रतिष्ठा, आणि शिखरावर आत्मवास्तविकीकरण. खालची पायरी भरल्यावाचून वरची गरज जागी होत नाही, असे विद्यार्थी लिहितो आणि त्रिकोण काढतो. त्रिकोणाला गुण असतात. मास्लोचा तो लेख १९४३ सालचा. त्यात त्रिकोण नाही, तो पुढे इतरांनी काढला. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी यांचे ६३ दिवसांचे उपोषण संपले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाला. आष्टी याच जिल्ह्यातले, चिमूर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. त्यानंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी, एवढ्यासाठी हा माणूस ६३ दिवस अन्नावाचून राहिला. ना त्या स्त्रिया त्याच्या नात्यातल्या, ना ते गाव त्याचे. उतरंडीच्या तळाशी काही नसताना शिखरावर उभा असलेला माणूस या जिल्ह्याने पाहिला आहे. त्याच जिल्ह्यातला विद्यार्थी त्रिकोण काढतो आणि त्याला काही खटकत नाही.

यावरून मास्लो खोटा ठरला असे कोणी म्हणेल, तर ते मास्लोवर अन्याय करणारे होईल. त्याने आपल्या लेखातच अपवाद सांगितले आहेत. आदर्शासाठी, मूल्यासाठी सर्वस्व सोडणारी माणसे असतात, हुतात्मे होतात, तेथे हा क्रम टिकत नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणजे भन्साळींसाठी त्याने जागा ठेवली होती. ती जागा गेली कोठे? ती त्रिकोणात मावली नाही. चित्र नीटनेटके व्हावे म्हणून ज्याने अपवाद खोडला, तो आणि लाल शाईची तिरपी रेघ ओढणारा शिक्षक हे एकाच वंशाचे आहेत.

हीच गोष्ट वह्यांतल्या आकड्यांची. मुल्लर-लायरच्या भ्रमाचा प्रयोग बहुतेक वह्यांत आहे. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना बाहेर वळलेले बाण, दुसरीच्या आत. एक लांब दिसते, एक आखूड. प्रयुक्ताने सरकती पट्टी हलवून दोन्ही सारख्या करायच्या आणि चूक किती झाली ते मोजायचे. चाळीस वह्यांतल्या चुका इतक्या जवळजवळच्या आहेत, की गणिताच्या शिक्षकाला संशय यावा. काही ठिकाणी खोडरबराने खरवडून कागद पातळ झाला आहे आणि उजेडात धरले तर खालचा आकडा दिसतो. तो लहान आहे. म्हणजे त्या मुलाला रेष फसवू शकली नव्हती, किंवा थोडीच फसविली होती. आणि पुस्तकात भ्रम होतो असे असल्यामुळे त्याने स्वतःला जास्त फसलेला दाखविले. असे प्रकार मी माझ्याच सहकाऱ्यांकडून हसत हसत ऐकले आहेत. ‘आकडा बसविणे’ हा त्यासाठीचा शब्दही रूढ आहे.

आता हे पाहा. रिव्हर्सने टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर, आणि मग आपल्याच निलगिरीत तोडा लोकांवर हा भ्रम तपासला. १९०५ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत तोडा लोक इंग्रजांपेक्षा या रेषेला कमी फसतात असे आढळले. १९६६ साली सेगल, कॅम्बेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांतून आकडे गोळा करून एक मोठे पुस्तक लिहिले: सुतारकामाच्या चौकोनी कोपऱ्यांत वाढलेला डोळा जास्त फसतो, गोल झोपड्यांत आणि मोकळ्या रानात वाढलेला कमी. हे स्पष्टीकरण आजही वादाचे आहे, आणि ते आमच्या देवळी-सेलूच्या मुलांना लागू पडेल असे मी म्हणत नाही; त्यांची घरेही चौकोनीच. पण खोडरबराखालचा तो लहान आकडा हाच शास्त्राचा प्रश्न होता. ज्या आकड्यासाठी रिव्हर्स निलगिरी चढला तो आमच्या मुलाला टेबलावर बसल्याजागी मिळाला, आणि त्याने तो खोडला. २०१५ साली शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहण्याची एक मोठी खटपट झाली. मूळच्या शंभरांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष भक्कम सांगितला होता. पुन्हा केल्यावर तो सुमारे ३६ टक्क्यांतच टिकला. मोठ्या विद्यापीठांतल्या पंडितांनीही आकडे थोडेबहुत बसविलेच होते की काय, अशी शंका तेव्हापासून त्या शास्त्राला सोडीत नाही. आमच्या वह्या त्या मानाने निरागस म्हणायच्या.

परिभाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते माझ्या आवडीचे आहे. कुत्र्याच्या तोंडाला घंटा ऐकून पाणी सुटते, याला मराठीत ‘अभिजात अभिसंधान’ म्हणतात. अभिजात हे विशेषण आम्ही कालिदासासाठी राखून ठेवले होते. पेटीतला उंदीर कळ दाबून दाणा मिळवितो ते ‘साधक अभिसंधान’. साधक म्हटल्यावर मराठी माणसाला मुमुक्षूच्या पुढची पायरी आठवते. मी ही थट्टा करतो, पण इंग्रजीतच शिकवा म्हणणाऱ्यांत मी नाही. शब्द घडविणाऱ्यांनी मेहनत केली आणि कोठून तरी सुरुवात करायलाच हवी होती. दुःख एवढेच, की घडविलेल्या शब्दांच्या शेजारी असलेले शब्द आत घेतले नाहीत. मनाविषयी आमच्या गावातून किती बारकाईने बोलले जाते! धसका घेणे वेगळे, हाय खाणे वेगळे, घोर लागणे वेगळे. धसका एका घटनेचा असतो, घोर पुढच्या दिवसांचा, आणि हाय खाल्लेला माणूस आतून सरत जातो. त्याला औषध लागत नाही असे म्हातारी माणसे म्हणतात. जीव लागत नाही आणि मन लागत नाही यांतही फरक आहे. पाठ्यपुस्तकात या सगळ्यांसाठी ‘नैराश्य’ आणि ‘चिंता’ असे दोन पेटारे आहेत. रामदासांनी मनाला समोर बसवून २०५ श्लोक सांगितले, बहिणाबाईंनी मनाची चंचलता शेतातल्या गुराच्या उपमेने दाखविली. ही काही शास्त्रे नव्हेत, पण ज्या भाषेत मनाशी बोलण्याची इतकी सवय आहे तिच्यात मनाचे शास्त्र इतके मुके का व्हावे?

हा प्रश्न वर्ध्यात बसून विचारला की बोचतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे मदतीची योजना जाहीर केली त्यांत वर्धा होता. पुढे २०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. कर्ज, पाऊस आणि कापसाचा भाव यांचे दुखणे मनाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे हा मोठा अप्रामाणिकपणा आहे, आणि त्या मोहापासून मानसशास्त्राच्या पदवीधराने तर जास्तच सावध राहिले पाहिजे. पण घरात कोणी गप्प झाला, जेवेनासा झाला, तर दाराशी येऊन विचारणारे माणूस बहुधा याच वर्गांतून गेलेले असते. आशा कार्यकर्ती होते, शिक्षिका होते, पोलिसात जाते. त्याची बायको म्हणते, ‘यंदा बोंडअळी आली तवापासून त्यानं हाय खाल्ली.’ हे वाक्य ऐकायला कोणी शिकविले? ज्याला स्वतःच्या हाताविषयी दोन खऱ्या ओळी लिहू दिल्या नाहीत, तो दुसऱ्याच्या दोन ओळी कशा ऐकणार?

याच गावात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात नव्या तालमीचा आराखडा दिला. तो आराखडा चरख्यामुळे लक्षात राहिला. पण त्याच्या समर्थनात मानसशास्त्राचा आधारही दिला होता, हे कमी लोकांना आठवते. निव्वळ पुस्तकी शिकवणीविरुद्ध मुलाचा चळवळ्या स्वभाव बंड करीत असतो, आणि हाताला काम दिले की डोके आणि हात एकत्र चालतात, असे समितीचे म्हणणे होते. योजना का फसली हा वेगळा विषय. सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात मात्र तिची एक फांदी जगली आहे: नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, मग दत्तक घेतलेल्या गावात, आणि काही कुटुंबांची ओळख करून घेतात. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने गावात जाऊन राहावे आणि मन शिकणाऱ्याने मात्र काचेच्या कपाटापुढून हलू नये, अशी ही आमची वाटणी.

कपाटालाही मी नावे ठेवीत नाही. चाळीस वह्या वाचल्यावर माझे मत असे झाले, की पदवीच्या मानसशास्त्रात काही शिकण्याजोगे असेल तर ते त्या लांबट खोलीतच आहे. व्याख्या वर्गात मिळतात. पण आपले मन आपल्याच समोर टेबलावर ठेवता येते, मोजता येते आणि ते आपल्या कल्पनेपेक्षा वेगळे निघते, हा धक्का तेथेच बसतो. भिंतीपलीकडून येणारे हसू त्याचेच असावे. तो धक्का वहीत उतरत नाही एवढेच.

बाकीच्या वह्या रद्दीत गेल्या. लाल रेघेची ठेवून घेतली. परवा नातवाचा आरसा मागून घेतला, एक वही उभी धरून आडोसा केला आणि चांदणी गिरवायला बसलो. पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल अडली आणि भलतीकडे सरकली. नातू हसला, मीही चिडलो. संपल्यावर कागद पुढे ओढला आणि अंतर्निरीक्षण लिहायला घेतले. पहिले वाक्य लिहून झाल्यावर वाचून पाहिले: ‘सुरुवातीला थोडे अवघड गेले.’